एकाच लॉटच्या गोळ्या, दोन रायफली, वेग वेगळा: थ्रोटच्या लांबीचा वेगाशी आणि दाबाशी संबंध काय?

शहापूर_प्रोन

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूरला राहतो. ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायची रायफल, खेळतो. स्पर्धा आणि मोठा सराव म्हटलं की कोल्हापूर गाठावं लागतं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं तेव्हापासून आमच्या भागातली पोरंही रायफलीकडं वळूलालीत, आणि त्यांच्या प्रश्नांना नीट उत्तर देता यावं असं फार वाटतं.

प्रश्न असा. आमच्या ग्रुपमधल्या दोन .२२ मॅच रायफलींवर एकाच डब्यातल्या गोळ्या क्रोनोग्राफवरून, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून, मारून बघितल्या. नळ्या जवळपास सारख्याच लांबीच्या. तरी एकीचा सरासरी वेग दुसरीपेक्षा आठ-दहा मीटर प्रति सेकंद कमी येतो, आणि दर वेळी त्याच रायफलीचा. एका सीनियर खेळाडूचं म्हणणं, "त्या रायफलीचा थ्रोट लांब असणार." थ्रोट म्हणजे चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपल्यावर नळीतल्या खाचांचा पीळ सुरू व्हायच्या आधीची मोकळी जागा, एवढं माहीत आहे. पण ती जागा दोन-चार मिलीमीटर वाढली तर वेग का बदलावा? आणि दाबाचं काय होतं? जाणकारांनी मुळापासून सांगावं.

आर्मरर_कॅम्प

चांगला प्रश्न. माझी सगळी नोकरी लष्कराच्या शस्त्र वर्कशॉपमध्ये गेली, आता कॅम्पाजवळच घर केलंय. आधी मोठ्या रायफलीचं सांगतो. .२२ चं गणित थोडं वेगळं आहे, त्याकडं नंतर येऊ.

घोडा दाबल्यावर काडतुसाच्या बुडाची कॅप फुटते, दारू पेटते. काडतुसाची मान फुगते आणि गोळी सुटते. त्या क्षणी गोळी पिळात गेलेली नसते. थ्रोटमधून ती मोकळी धावते, मग तिचा खांदा पिळाच्या उंच काठांना, म्हणजे लँडना, जाऊन भिडतो. गोळीच्या तांब्याच्या कवचात लँड कोरले जायला मोठा जोर लागतो. गोळी तिथं क्षणभर अडते आणि मागं दारू जळतच असते, म्हणून दाब झपाट्यानं चढतो.

आता दोन टोकं बघा. गोळी काडतुसात बसवतानाच लँडला टेकलेली असेल तर ती शून्य वेगापासून पिळात घुसायला लागते, सुरुवातीचा अडसर सगळ्यात मोठा. शिखराचा दाब त्यामुळं काही हजार पीएसआयनं (पौंड प्रति चौरस इंच) वर जाऊ शकतो. उलट थ्रोट लांब असेल तर गोळी आधीच वेग घेऊन लँडवर येते, आपल्या जोरावर कोरली जाते, आणि तोवर तिच्या मागं गॅसला जागाही जास्त झालेली असते. शिखर खाली येतं.

थोडक्यात दारू तीच, गोळी तीच, थ्रोट लांब, तर दाब कमी आणि वेगही कमी. पण दोन्ही सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. खरी गंमत तिथंच आहे.

उद्यमबाग_रीमर

काकांचं पटलं. मी टूलरूमवाला, दिवसभर मायक्रॉनमध्ये जगतो, म्हणून आकड्यात मांडतो.

७.६२ मिमीची, म्हणजे .३०८ काडतुसाची, नळी घ्या. थ्रोटचा व्यास ७.८ मिमीच्या किंचित वर, म्हणजे आडवा छेद साधारण ०.४८ चौरस सेंमी. थ्रोट ५ मिमीनं वाढवला तर गोळी लँडला भिडेपर्यंत मागची जागा ०.२४ घन सेंमीनं जास्त. .३०८ च्या काडतुसात गोळी बसवल्यावर आत उरते सव्वातीन घन सेंमीच्या आतबाहेर. म्हणजे गॅसला सात-आठ टक्के जादा जागा मिळाली, आणि तीही दाब चढायच्या ऐन वेळी.

यावर दारूचा स्वभाव येतो. बिनधुराची दारू किती झपाट्यानं जळणार हे तिच्याभोवतीच्या दाबावरच ठरतं. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८८४ ला पहिली चालणारी बिनधुराची दारू केली, जळण्याचा वेग आणि दाब यांच्या नात्याचा नियमही त्याच्याच नावानं ओळखला जातो. जागा वाढली, दाब थोडा उतरला, दाब उतरला म्हणून दारू सावकाश जळली, सावकाश जळली म्हणून दाब आणखी उतरला. थोडक्या जागेचा परिणाम इतका मोठा दिसतो तो या साखळीमुळं.

वेग मात्र शिखरावर ठरत नाही. गोळीला ढकलण्याचं काम सगळ्या नळीभर चालतं. .३०८ मध्ये गोळी नळीत असते जेमतेम सव्वा मिलिसेकंद. शिखर येतं ती चार-पाच सेंमी सरकते तेव्हा, तिथं दाब साठ हजार पीएसआयच्या घरात. नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो सहाव्या-सातव्या हिश्शावर आलेला असतो. दाबाचा आलेख काढला तर वेग म्हणजे त्या रेषेखालचं सगळं क्षेत्रफळ. थ्रोट लांबवला की टोक बोथट होतं, पण जी दारू आधी जळली नाही ती पुढं जळते, शेपटी थोडी जाड होते. क्षेत्रफळ फारसं घटत नाही. म्हणून ढोबळ हिशेब असा की वेग एक टक्का हलतो तेव्हा दाब दोन-तीन टक्के हललेला असतो. सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास पळणाऱ्या गोळीत थ्रोटच्या मिलीमीटर-दोन मिलीमीटरनं वेगात पडणारा फरक बहुधा काही मीटरांचाच.

निपाणीकर_६५

माफ करा, पण मी तर उलटं वाचलंय. अमेरिकेत वेदरबी रायफली मुद्दाम लांब थ्रोट ठेवून बनवतात आणि त्यांचा वेग सगळ्यांपेक्षा जास्त असतो. मग लांब थ्रोटनं वेग कमी कसा?

उद्यमबाग_रीमर

दादा, दोन्ही खरं आहे, मधली एक पायरी सुटली. रॉय वेदरबीनं १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात आपली मॅग्नम काडतुसं काढली. .३०० वेदरबीत लँडच्या आधी साधारण ९ मिमी मोकळी जागा असते. त्या जागेनं शिखर खाली आलं आणि मर्यादेच्या आत दाबाची शिल्लक राहिली. ती शिल्लक त्यानं जादा दारू घालून खर्च केली. वेग वाढला तो त्या जादा दारूनं, थ्रोटनं फक्त परवानगी दिली. तीच जुनी दारू ठेवून नुसता थ्रोट लांबवला असता तर वेग घटलाच असता.

यातला धोकाही ध्यानात घ्या. लांब थ्रोटचा हिशेब धरून भरलेलं काडतूस, नाव तेच पण थ्रोट आखूड, अशा रायफलीत टाकलं तर ती शिल्लक तिथं नसते. दाब थेट मर्यादेबाहेर जातो.

संपादक_मंडळ

धागा छान चाललाय. एकच विनंती, दारूची वजनं आणि भरण्याचे आकडे कोणी देऊ नयेत. काडतूस भरणं, नळीत फेरफार किंवा दुरुस्ती करणं यासाठी शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. शस्त्र बाळगायचं लायसन असतं त्यात हे बसत नाही.

चंदगड_सीमा

मग .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं एकमेकांच्या रायफलीत मारावीत की नाही, हा वाद यातलाच का? काडतूस बाहेरून सारखंच दिसतं.

आर्मरर_कॅम्प

हाच. बाहेरून माप एक, चेंबरचा पुढचा भाग वेगळा. .२२३ च्या मानक चेंबरमध्ये मोकळा भाग साधारण ०.६ मिमी, ५.५६ च्या लष्करी चेंबरमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पीळ सुरू होण्याचा उतारही सौम्य. आपली इन्सास ५.५६×४५ चीच. तापलेल्या, मळलेल्या नळीतही काडतूस अडू नये, दाब आवाक्यात राहावा, म्हणून लष्करी थ्रोट सैल ठेवतात. त्या थ्रोटसाठी भरलेलं काडतूस .२२३ च्या आखूड थ्रोटमध्ये मारलं की दाब वाढतो. उलट केलं तर धोका नाही, वेग आणि अचूकता थोडी जाते. बिल वाइल्ड नावाच्या अमेरिकन माणसानं मधला मार्ग म्हणून .२२३ वाइल्ड हे चेंबर आखलं, मोकळी जागा लांब पण व्यास घट्ट, म्हणजे गोळी डळमळत नाही.

हा व्यासाचा मुद्दा लोक विसरतात. थ्रोट किती लांब हे सगळे विचारतात, किती सैल हे कोणी विचारत नाही. गोळीपेक्षा थ्रोट बराच रुंद झाला की गोळी लँडला भिडायच्या आधी गॅस बाजूनं पुढं निसटतो. दाब जातो, वेग जातो, आणि गोळी तिरकी शिरली तर नेमही जातो.

चंदगड_सीमा

५.५६ चा दाब बासष्ट हजार आणि .२२३ चा पंचावन्न हजार, असं सरळ तोलतात ते बरोबर का?

उद्यमबाग_रीमर

सरळ तोलू नका. दोन्ही मानकांत दाब मोजायची जागा वेगळी आहे, नाटो पद्धतीत काडतुसाच्या तोंडाशी, अमेरिकन पद्धतीत काडतुसाच्या अंगावर. जुनी पद्धत तर तांब्याचा ठोकळा किती चेपला यावरून दाब काढायची, तिचे आकडे आणि आजच्या पिझो सेन्सरचे आकडे एका पंक्तीत बसत नाहीत. गेज कुठं लावला ते कळल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

अजून एक. "गोळी लँडपासून जितकी लांब तितका दाब कमी" हे सरसकट धरू नये. थ्रोट तोच ठेवून गोळी काडतुसात खोल दाबली तरी मोकळी धाव वाढते, पण काडतुसातली जागा कमी होते. सुरुवातीला दाब उतरतो, आणखी खोल गेलात की जागेचा तुटवडा वरचढ होतो आणि दाब परत चढायला लागतो. थ्रोट लांबवणं आणि गोळी खोल बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जांबोटी_रान

नमस्कार ओ सगळ्यांस्नी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अंगाला आमचं शेत. आजोबांच्या वेळेपासून घरात .३१५ हाय, लायसन आता माझ्या नावावर. गवं उतरतात भातात, तेवढ्यापुरतीच. म्हाताऱ्या माणसांकडनं ऐकूलालोय की जुनी नळी "खाल्लेली" असली की बार मऊ लागतो. हे थ्रोटचंच काय? आणि धोका हाय काय त्यात?

आर्मरर_कॅम्प

थ्रोटचंच आहे. म्हाताऱ्यांनी बरोबर ओळखलंय.

दारूचा गॅस अडीच-तीन हजार अंश तापमानाचा असतो, आणि सगळ्यात गरम, सगळ्यात दाट गॅस थ्रोटच्या भिंतीवर घासून जातो. प्रत्येक बाराला स्टीलचा वरचा पातळ थर क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. होता होता त्याला बारीक भेगा पडतात. बोअरस्कोपमधून बघितलात तर तो भाग उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखा दिसतो. मग त्या भेगांच्या कडा झिजतात, लँडची सुरुवात पुढं पुढं सरकत जाते. म्हणजे वापरानं थ्रोट आपोआप लांब आणि रुंद होत जातो. वर सांगितलेलं सगळं तुमच्या नळीत हळूहळू घडतं, दाब उतरतो, वेग उतरतो. बार मऊ लागतो तो असा.

याचा इतिहास आपल्या जवळचा आहे. ब्रिटिशांच्या .३०३ रायफलीसाठी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली तेव्हा पहिल्या मिश्रणात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं, भयंकर गरम जळायचं. ली-मेटफर्ड रायफलीचा उथळ, गोलसर पीळ त्यापुढं टिकेना, म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी खाचांचा एनफिल्ड पीळ आणला. पुढं मिश्रणच बदलून नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं, तेव्हा नळ्यांचं आयुष्य वाढलं. आपल्याकडं कॉर्डाइट निलगिरीत अरुवनकाडूला बनायचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून.

तुमची .३१५ म्हणजे ऑस्ट्रियाच्या ८×५० आर मॅनलिखर काडतुसाच्या घराण्यातली. लष्करी बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य माणसाकडं नको, या ब्रिटिश धोरणातून ती इथं रुजली आणि पुढं इशापूरच्या कारखान्यानं ती बनवली. गोळी जड आणि बोथट नाकाची, दाब आजच्या काडतुसांच्या मानानं कमी. अशा रायफलीत गॅसनं थ्रोट खाल्ला जायला फार बार लागतात. राखणीच्या रायफलीतून तेवढे बार कोणी मारत नाही. म्हणून मला गॅसपेक्षा गंजाचा संशय जास्त येतो.

जांबोटी_रान

गंज म्हणालात तर खरं हाय. इलेक्शन लागलं की रायफल जमा करावी लागते, कधी पावसाळा गाठतो. आमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस तुमास्नी ठाऊकच हाय.

आर्मरर_कॅम्प

मग नीट ऐका. जमा करायच्या आदल्या दिवशी नळी चेंबरच्या बाजूनं साफ करायची, तोंडाकडनं नाही. कोरडं फडकं, मग तेलाचं फडकं, आणि चेंबर-थ्रोटच्या भागाला तेल लागलंय का बघायचं. तिथं कोपरा असतो, ब्रश अर्धवट फिरतो, आणि जुन्या कॅपांतला क्षार उरला असेल तर ओल धरून तिथंच खातो. रायफल परत आली की पहिला बार मारायच्या आधी ते तेल पूर्ण पुसून काढायचं. तेलानं ओल्या चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही, सगळा मागचा रेटा बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो.

धोक्याचं विचारलंत. नुसता झिजलेला थ्रोट दाब वाढवत नाही, कमी करतो. पण खड्डे पडून खरबरीत झालेल्या थ्रोटमध्ये गोळीचं तांबं साचत जातं, आणि साचलेल्या जागी गोळी अडते. बारानंतर काडतूस ओढायला जोर लागायला लागला, कॅप सपाट झालेली दिसली, की थांबायचं आणि परवानाधारक गनस्मिथला दाखवायचं. ओळखीच्या लेथवाल्याकडं "थ्रोट साफ करून दे" म्हणून न्यायची नाही.

उद्यमबाग_रीमर

लेथवाला म्हणून मीच याला दुजोरा देतो. थ्रोट रीमरनं कापतात, नळीच्या बोअरशी एकअक्ष. पाव डिग्रीचा वाकडेपणा आला तरी गोळी कायम तिरकी शिरणार. आमच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे एकाहून एक बारीक पार्ट बनतात, यंत्रं आहेत, हातही आहेत, पण हे काम परवान्याचं आहे आणि परवानावाल्यानंच करायचं.

थ्रोट मोजायचा मार्ग मात्र सुंदर आहे, गनस्मिथकडं बघायला मिळाला तर जरूर बघा. सेरोसेफ नावाचा बिस्मथचा मिश्रधातू येतो, उकळत्या पाण्याच्या खालच्याच तापमानाला वितळतो. नळीत पुढून फडक्याचं बूच बसवतात आणि चेंबरमधून तो ओततात. निवताना तो आधी आकसतो, म्हणून सहज बाहेर निघतो, मग सावकाश फुगत तासाभरात चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. हातात चेंबर, मान, थ्रोट आणि पिळाची सुरुवात, सगळ्याचा चकचकीत ठसा मिळतो. कडा कुठं गोल झाल्यात, एका बाजूनं जास्त झिजल्यात का, नखाला कळतं.

शहापूर_प्रोन

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझ्या .२२ कडं या ना. तिथंही हेच चालतं का?

आर्मरर_कॅम्प

.२२ लाँग रायफलची गोळी शिशाची, कवच नाही, दाबाची मर्यादा २४,००० पीएसआय. मॅच चेंबरमध्ये थ्रोट जवळपास नसतोच, बोल्ट बंद करतानाच गोळी लँडमध्ये थोडी घुसते. स्पोर्टिंग चेंबरमध्ये मोकळी जागा असते. हे तुम्ही घरच्या घरी नाही, पण रेंजवर बघू शकता. नळी टार्गेटकडं ठेवून काडतूस भरा, बोल्ट बंद करा, घोड्याला हात न लावता परत काढा. भिंगातून शिशाच्या खांद्यावर बघा. मॅच चेंबर असेल तर ग्रीसमधून शिशात बारीक चौकोनी खुणा गोल फिरलेल्या दिसतील. दोन्ही रायफलींत करून सांगा.

शहापूर_प्रोन

बघितलं. कमी वेगाच्या रायफलीत खुणा स्वच्छ आणि सगळीकडून सारख्या उमटतात. जास्त वेगाच्या रायफलीत जवळजवळ काहीच नाही, एका बाजूला ग्रीस जरा पुसलंय एवढंच. म्हणजे हळू रायफलीचा थ्रोट आखूड निघाला!

उद्यमबाग_रीमर

मग थ्रोट यातनं सुटला. आखूड थ्रोटनं वेग वाढायला हवा होता. कारण पुढं नळीत आहे.

.२२ मध्ये दारू चिमूटभर, पहिल्या काही सेंमीतच जळून संपते. त्यामुळं गोळीचा वेग साधारण ४० ते ४८ सेंमी नळीत कमाल गाठतो. मॅच रायफलीची नळी ६५ सेंमीच्या पुढं असते. म्हणजे शेवटच्या वीसेक सेंमीत गोळी वेग घेत नाही, घर्षणानं घालवते. बोअर जरा घट्ट असेल, तोंडाकडं थोडा चोक, म्हणजे नळी जरा आवळलेली, असेल, तर वेग तिथं जातो. साफ करताना फडकं शेवटच्या भागात जड चालतं का, हाताला जाणवेल.

शहापूर_प्रोन

हो, जड चालतं! तोंडाच्या आधी चार बोटं स्पष्ट जाणवतं. आणि ही हळू रायफलच जास्त चांगले ग्रुप देते, म्हणजे गोळ्या जास्त जवळजवळ पाडते.

आर्मरर_कॅम्प

देणारच. घट्ट बोअर आणि गोळी मुळात सरळ धरलेली, अजून काय पाहिजे. दोन रायफलींच्या सरासरीतला फरक साइटच्या क्लिकनं मिटतो, त्याची काळजी सोडा. क्रोनोग्राफवर आता दुसरा आकडा बघा, एकाच रायफलीत गोळी-गोळीमधला फरक. सेकंदाला ३२५ मीटर वेगाच्या गोळीत वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर वर-खाली सुमारे ७ मिमी होतात, आणि दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिमीचं. त्या आकड्यावर लॉट निवडा. पोरांना शिकवताना हे गणित फळ्यावर करून घ्या, त्यांना आवडेल.

शहापूर_प्रोन

नक्की, काका. दोन-तीन लॉटचे गोळी-गोळीचे आकडे घेऊन इथंच टाकतो.

जांबोटी_रान

माझी .३१५ पण गनस्मिथकडं नेऊन ठसा काढून घेतो. कडा कशा हायत ते फोटो काढून दाखवतो, बघून सांगा.